अ‍ॅव्हलांच ऑपरेशन्स लेव्हल १ : अडीच महिने हातात आहेत, तयारी कशी करू?

उत्तरवारा | २६ ऑक्टोबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी कॅलगरीत राहते, मूळची चिंचवडची. आठवडाभर ऑफिस, आणि गेले तीन हिवाळे शनिवार-रविवार एका स्की रिसॉर्टवर पेट्रोलर, म्हणजे उतारांची सुरक्षा पाहणारी, म्हणून स्वयंसेवा. हौशी लोकांसाठीचे अ‍ॅव्हलांचचे, म्हणजे हिमस्खलनाचे, एएसटी १ आणि एएसटी २ हे कोर्स झालेत. आता कॅनेडियन अ‍ॅव्हलांच असोसिएशनच्या व्यावसायिक कोर्सला, म्हणजे ऑपरेशन्स लेव्हल १ ला, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जागा मिळाली आहे.

हा कोर्स करायचं का ठरवलं ते सांगते. गेल्या फेब्रुवारीत रात्रभर वारा होता. सकाळी एका उताराच्या माथ्यावर आम्ही चौघं उभे होतो, तो उतार उघडायचा की बंद ठेवायचा हे ठरत होतं. आमच्या प्रमुखाने प्रत्येकाला विचारलं, तसं मलाही विचारलं, "तुला काय वाटतं?" मला "बंद ठेवावा" असंच वाटत होतं. पण का, ते सांगता येईना. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं." त्या दिवशी उतार बंद राहिला, काही झालं नाही. मला मात्र ते वाक्य अजून टोचतं.

तर प्रश्न असे:
– हौशी कोर्स आणि हा कोर्स यांत नेमका फरक काय?
– या अडीच महिन्यांत रोज काय करावं?
– स्कीइंग बरं आहे, पण स्किन, म्हणजे स्कीच्या तळाला पकडीसाठी लावायची पट्टी, लावून चढण्याचा सराव कमी आहे. कितपत दमसास लागतो?
– सामानात काय बदलू?

इथे कुणी केलाय का? भारतातल्या संस्थांमधून शिकलेल्यांनीही लिहा, प्लीज.

सह्यकडा | २६ ऑक्टोबर, रात्री ११:४५

अभिनंदन! या विषयावर मराठीत धागा पाहून फार बरं वाटलं. वाचतोय. मी उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमधून बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स केलंय, सविस्तर उद्या लिहितो.

खिंडीतला | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

उत्तरवारा, मी हा कोर्स २०११ साली केला आणि तेव्हापासून ब्रिटिश कोलंबियात याच क्षेत्रात आहे. जमेल तेवढं लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्यावर बाकीची तयारी ठरते. हौशी कोर्समध्ये तुम्ही स्वतःसाठी आणि सोबतच्या दोघा-तिघांसाठी निर्णय घ्यायला शिकता. इथे तुम्ही दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशी नोंद करायला शिकता. कॅनडात १९९१ पासून इन्फोएक्स नावाची व्यवस्था आहे. स्की रिसॉर्ट, हेलिकॉप्टरने स्कीइंगला नेणाऱ्या हेलीस्की कंपन्या, महामार्गवाले, राष्ट्रीय उद्यानवाले हे सगळे आपापली त्या दिवसाची निरीक्षणं रोज तिथे टाकतात. तुम्ही आज थर तपासायला बर्फात खणलेल्या खड्ड्यात जे पाहिलं, ते शंभर किलोमीटरवरचा एक गाईड आज रात्री वाचतो आणि उद्या बारा पाहुण्यांना घेऊन कुठल्या उतारावर जायचं ते ठरवतो. त्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नसतं. त्याच्या हातात फक्त तुमची ओळ असते.

म्हणून पहिलं काम म्हणजे असोसिएशनची निरीक्षण आणि नोंदींची नियमावली. तिला सगळे ओजीआरएस म्हणतात. अमेरिकेत तिच्या जागी स्वॅग नावाची नियमावली आहे. ही आत्तापासून रोज दहा पानं वाचा. पाठांतर म्हणून नको, भाषा म्हणून वाचा. एक उदाहरण देतो:

सीटीएम १४ एसपी डाउन ४२ ऑन एसएच ८

एवढ्या ओळीत काय काय आहे पाहा. कॉम्प्रेशन टेस्ट केली, म्हणजे ३० बाय ३० सेंटीमीटरचा बर्फाचा खांब कापून त्यावर फावडं ठेवलं. मनगटातून दहा टपल्या, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा. चौदाव्या टपलीला, म्हणजे कोपरातून चौथ्या टपलीला, खांब तुटला. तुटला तोही एका झटक्यात, सपाट, सुरीने कापल्यासारखा. पृष्ठभागापासून ४२ सेंटीमीटर खाली. आणि तुटला तिथे सरफेस होअरचे ८ मिलिमीटरचे स्फटिक होते, म्हणजे निरभ्र थंड रात्री बर्फावर पिसांसारखं जमलेलं आणि नंतर गाडलं गेलेलं दंव. ही ओळ वाचून माझ्या पोटात गोळा येतो. तुम्हालाही तसा आला पाहिजे, एवढी ती भाषा अंगवळणी पडू दे.

दुसऱ्या भागात रोजच्या सरावाबद्दल लिहितो, आता कामावर निघतोय.

कोलोराडोकर | २७ ऑक्टोबर, दुपारी १:०५

खिंडीतला यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी इकडे डेन्व्हरहून प्रो १, म्हणजे इथला पहिला व्यावसायिक कोर्स, केलंय. अमेरिकेतही आता हौशी आणि व्यावसायिक असे दोन वेगळे मार्ग आहेत.

एक भर घालतो. तुम्ही कॅलगरीच्या, म्हणजे तुमचा हात रॉकीजच्या बर्फावर बसलेला. तो आमच्या कोलोराडोसारखाच पातळ आणि थंड. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थोडा बर्फ पडतो, मग आठवडे कोरडे जातात. जमिनीलगत शून्याच्या आसपास तापमान आणि वर उणे वीस, मध्ये जेमतेम अर्धा मीटर बर्फ. दर दहा सेंटीमीटरला एक अंशापेक्षा जास्त फरक पडला की बर्फाच्या कणांना कंगोरे फुटायला लागतात, आणि तळाचा बर्फ जाड रव्यासारखा सुटा होतो. मुठीत घेऊन दाबा, लाडू वळत नाही. या रव्यावर पुढे जानेवारीत मीटरभर घट्ट थर बसतो, आणि ती रचना वसंतापर्यंत धोक्याची राहते.

तुमचा कोर्स कोलंबिया पर्वतरांगेत असेल तर तिथला बर्फ खोल, तुलनेने उबदार, आणि दुबळे थर मधल्या भागात पुरलेले. खड्डा खणला की ओळखीचा रवा दिसणार नाही. त्यामुळे जायच्या आधी त्या भागाची हिमस्खलनाच्या धोक्याची बुलेटिन्स पहिल्या बर्फापासून वाचत जा. कुठला थर कोणत्या तारखेला पुरला गेला याची वहीत यादी ठेवा. तिथे सगळे थरांना तारखेनेच हाक मारतात.

खिंडीतला | २७ ऑक्टोबर, रात्री १०:२०

आता रोजचा सराव.

*हवामान.* घराच्या मागच्या अंगणात एक पांढरी फळी ठेवा. रोज सकाळी एकाच वेळी त्यावर २४ तासांत पडलेला बर्फ मोजा, फळी पुसा, परत ठेवा. कमाल, किमान आणि आत्ताचं तापमान. ढग किती. वारा कुठून, किती. बर्फ पडला नसेल तेव्हा शून्य लिहा, रकाना मोकळा सोडू नका. मोकळ्या रकान्याचा अर्थ "पाहिलंच नाही" असा होतो. साठ दिवस हे केलंत तर कोर्सच्या पहिल्या सकाळी उणे पंचविसात तुमचे हात आपोआप चालतील.

*थर्मामीटर.* वाटीत कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी यांचा काला करा, थर्मामीटर त्यात पाच मिनिटं धरा. शून्य दाखवलं पाहिजे. अर्धा अंश इकडेतिकडे असेल तर किती ते चिकटपट्टीवर लिहून त्याच थर्मामीटरला लावा. ग्रेडियंटचं, म्हणजे थराथरातल्या तापमानाच्या फरकाचं, सगळं गणित एकेका अंशावर चालतं, तिथे चुकीचं थर्मामीटर म्हणजे चुकीचा निष्कर्ष.

*खड्डा.* माझा पहिला पूर्ण प्रोफाइल, म्हणजे खड्ड्याच्या भिंतीतल्या सगळ्या थरांची नोंद, दीड तास चालला होता आणि तोवर भिंतीवर ऊन येऊन सगळे आकडे बिघडले. भिंत सावलीतच हवी. तापमान दर दहा सेंटीमीटरला. मग घट्टपणा: आधी मूठ, नाही गेली तर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, मग सुरी. हे करताना डोळे मिटून पाहा एकदा. वर मूठ अलगद आत जाते, खाली फक्त एक बोट जातं, आणखी खाली परत अचानक मूठ आत जाते. घट्टाखाली मऊ असा तो जो पालट आहे, तिथे थांबायचं. तिथले कण काळ्या पत्र्यावर घेऊन भिंगातून बघायचे, आणि श्वास बाजूला सोडायचा, नाहीतर कण वितळतात.

नोव्हेंबरअखेर रॉकीजमध्ये सपाट, सुरक्षित जागी पुरेसा बर्फ मिळेल. कोर्सपर्यंत पंधरा खड्डे करा. पंधरा हा आकडा माझा, कुठल्या नियमातला नाही. पण पाचात हात बसत नाही हे मी बऱ्याच जणांचं पाहिलंय.

*बुलेटिन.* अ‍ॅव्हलांच कॅनडाचं बुलेटिन दुपारी चारला येतं. साडेतीनला स्वतःचं बुलेटिन लिहा. धोक्याची पातळी कोणती, समस्या कुठली (विंड स्लॅब म्हणजे वाऱ्याने रचलेला थर, स्टॉर्म स्लॅब म्हणजे वादळातल्या नव्या बर्फाचा, पर्सिस्टंट स्लॅब म्हणजे टिकून राहिलेल्या दुबळ्या थरावरचा, वगैरे नऊ प्रकारांपैकी), कोणत्या दिशेचे उतार, कुठली उंची. मग त्यांचं वाचा. जिथे फरक पडला तिथे का पडला ते दोन ओळीत लिहा. मला स्वतःला सगळ्यात जास्त या सवयीने शिकवलं.

निवृत्त_सुभेदार | २८ ऑक्टोबर, सकाळी ६:००

ताई, शाबास. मी सातारचा. फौजेत असताना हिमनदीवर दोन वेळा पोस्टिंग झालं. तुमच्या परीक्षेतलं मला काही माहीत नाही, पण जे पाहिलं ते सांगतो.

आमच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येकाच्या कमरेला लाल नायलॉनची लांब दोरी असायची, चालताना मागे फरफटत. माणूस गाडला गेला तर दोरीचं टोक वर राहील आणि तिच्या मागाने खणता येईल, ही आशा. नंतर यंत्रं आली. पण चालायची शिस्त तीच: धोक्याच्या पट्ट्यातून एका वेळी एकच माणूस, बाकीचे सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवून. ऊन चढायच्या आत पलीकडे. आणि मनालीहून यायचा तो हिमस्खलनाचा इशारा वाचल्याशिवाय पाऊल बाहेर नाही.

३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनच्या सोनम चौकीवर दहा जण गाडले गेले. त्यांत आमच्या माण तालुक्यातलाही एक जवान होता. लान्स नायक हनुमंतप्पा सहाव्या दिवशी जिवंत सापडले, सगळा देश प्रार्थना करत होता, ११ तारखेला तेही गेले. खणणाऱ्यांनी एकोणीस-वीस हजार फुटांवर निळा बर्फ कापत रात्रंदिवस काम केलं. म्हणून सांगतो, शोधयंत्र चालवायला सगळे शिकतात, खणायला शिका. फावडं कसं मारायचं हे शिकायची गोष्ट आहे.

उत्तरवारा | २८ ऑक्टोबर, रात्री ८:३०

सुभेदारकाका, मनापासून नमस्कार. तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला घरी.

खिंडीतला, कोलोराडोकर, वही आजच आणली. फळी नवऱ्याने कापून दिली. आज सकाळची पहिली नोंद: नवा बर्फ ०, किमान उणे ६.

बीकनबद्दल, म्हणजे गाडलेल्याचा संदेश पाठवणाऱ्या आणि शोधणाऱ्या यंत्राबद्दल, कुणी लिहील का? मला एक बीकन शोधायला जमतं, दोन असले की गोंधळ होतो.

डोंगरपोर | २९ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

बीकनवर मी लिहिते. व्हँकुव्हरकडे स्वयंसेवी बचाव पथकात आहे.

सगळे बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा कुठल्याहीशी जुळतो. बाण तुम्हाला सरळ रेषेत नेत नाही, वळणाने नेतो. शाळेत चुंबकाभोवती लोखंडाचा कीस पसरला की कमानी दिसायच्या, आठवतं? आपण त्या कमानीवरून चालत असतो. हे डोक्यात बसलं की "यंत्र चुकतंय" असं वाटणं बंद होतं.

दहा मीटरच्या आत आलात की वेग अर्ध्यावर आणा. तीन मीटरच्या आत बीकन बर्फाला टेकवून, त्याची दिशा न बदलता, सावकाश पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे. सगळ्यात लहान आकडा जिथे, तिथून प्रोब, म्हणजे बर्फात खुपसायची लांब सळी. प्रोब उताराला काटकोनात, आणि २५-२५ सेंटीमीटरवर गोलगोल बाहेर जात. लागला की प्रोब तसाच ठेवायचा, काढायचा नाही.

बहुतेकांची मिनिटं याच शेवटच्या तीन मीटरमध्ये जातात. दोन बीकनचा गोंधळही बहुधा पहिल्याच्या शेवटच्या टप्प्यात घाई केल्याने होतो. पहिला प्रोबने पक्का करा, मार्क करा, मागच्याला खणायला लावा, मग दुसऱ्याकडे.

सरावाला बर्फच पाहिजे असं नाही. नवऱ्याला सांगा, बागेत पालापाचोळ्याखाली डब्यात घालून दोन बीकन लपवून ठेवायला. जाड हातमोजे घालूनच शोधायचं. रोज एकदा, दहा मिनिटं. फोन मात्र शोधताना बीकनपासून ५० सेंटीमीटर तरी लांब, एरवी २० सेंटीमीटर. गरम होणारे हातमोजे, स्मार्ट घड्याळ यांनाही हाच नियम.

बॅटरी कंपनीने सांगितलेल्याच प्रकारची, चार्ज होणारी बहुतेक बीकनमध्ये चालत नाही. उन्हाळ्यात आत राहिलेल्या बॅटरीने गंजलेला बीकन आमच्याच पथकात निघाला होता, वरून एकदम नवाकोरा दिसत होता.

आणि सुभेदारकाकांना दुजोरा. खणायला प्रोबच्या जागीच उभं राहायचं नाही. उताराच्या खालच्या अंगाला, खोलीच्या दीडपट अंतरावरून सुरुवात, आणि आडवं आत शिरायचं. बर्फ उचलून फेकायचा नाही, मागे ढकलायचा. माणसं जास्त असतील तर इंग्रजी व्हीच्या आकारात उभी, टोकावरचा दमायच्या आत बदलायचा. घसरून थांबलेला बर्फ काँक्रीटसारखा बसतो. प्लास्टिकचं फावडं असेल तर आजच बदला.

नाडीपरीक्षा | २९ ऑक्टोबर, रात्री ९:५०

डॉक्टर आहे, म्हणून थोडी भर. मिनिटांचं एवढं महत्त्व का, ते.

गाडल्या गेलेल्यांतले बहुतेक जण थंडीने नाही, गुदमरून जातात. काही मृत्यू झाडा-कड्यावर आपटून होतात, ते वेगळे. जुन्या अभ्यासांत पहिली अठरा मिनिटं आशेची मानली जायची. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या चाळीस वर्षांच्या नोंदींवर आधारलेला जो अभ्यास आला, त्यात नव्वद टक्क्यांवर जगण्याची शक्यता फक्त पहिल्या दहा मिनिटांत दिसली, आणि तिसाव्या मिनिटापर्यंत ती एक तृतीयांशाच्याही खाली गेली. हेलिकॉप्टर दहा मिनिटांत येत नाही. जे शेजारी उभे आहेत तेच वाचवणार.

तर खणताना आधी चेहरा आणि छाती मोकळी करा. तोंडात-नाकात बर्फ आहे का ते बघा आणि लक्षात ठेवा, इस्पितळात ते विचारलं जातं. श्वास नसेल तर आधी श्वास द्या, नुसती छाती दाबत बसू नका. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र जुनं झालं असेल तर कोर्सच्या आधी नवं करून घ्या.

माजघर | ३० ऑक्टोबर, सकाळी १०:४०

मी यातली काहीच नाही, पण माझा मुलगा युटाहमध्ये असलं स्कीइंग करतो. तो डोंगरावर असला की दिवसभर फोनकडे बघत बसते. तुम्ही सगळी एवढी जाणती माणसं, मला एवढंच सांगा, आईने काय विचारावं त्याला?

खिंडीतला | ३० ऑक्टोबर, दुपारी २:००

माजघरताई, चार गोष्टी विचारा. आजचं बुलेटिन काय म्हणतंय? सोबत कोण आहे आणि सगळ्यांकडे बीकन, प्रोब, फावडं आहे का? कुठल्या उतारावर जाणार नाही हे ठरलंय का? किती वाजता फोन करशील? शेवटच्याचं उत्तर तुम्हाला लिहून द्यायला सांगा. तुम्ही हे विचारता हे कळलं की तोही निघायच्या आधी ही उत्तरं तयार ठेवील.

सह्यकडा | ३१ ऑक्टोबर, रात्री १:१०

उशीर झाला, माफ करा. भारताबद्दल.

उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग, पहलगाम इथल्या संस्थांच्या कोर्समध्ये हिमस्खलनाचा विषय असतो, पण तो गिर्यारोहणाचा एक भाग म्हणून. उत्तरकाशीला आम्हाला दोर, आइस अ‍ॅक्स, हिमभेगेतून बाहेर काढणं हे उत्तम शिकवलं, त्या प्रशिक्षकांचं ऋण फिटणार नाही. बर्फाचा खड्डा खणून नोंद करायला मात्र मी नंतर, परदेशी मित्रांकडून शिकलो. इशारे देण्याचं काम पूर्वी मनालीची सासे ही डीआरडीओची संस्था करायची. २०२० मध्ये ती दुसऱ्या संस्थेत विलीन होऊन डीजीआरई झाली. जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडसाठी त्यांची बुलेटिन्स निघतात.

४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा २ या शिखरावर उत्तरकाशीच्या अ‍ॅडव्हान्स कोर्सची तुकडी हिमस्खलनात सापडली. २७ प्रशिक्षणार्थी आणि २ प्रशिक्षक गेले. मी त्याच उतारावरून आधी काही वर्षं चढलो होतो. तो दिवस आठवला की अजून घशात अडकतं, त्यामुळे जास्त लिहीत नाही.

पण एक गोष्ट लिहितोच. पुण्या-मुंबईहून आता डिसेंबर-जानेवारीत केदारकंठा, ब्रह्मताल अशा बर्फातल्या ट्रेकला झुंडीने मुलं जातात. मी स्वतः दोन तुकड्यांबरोबर गेलो, एकाही लीडरकडे बीकन नव्हता, एकानेही सकाळी बुलेटिन वाचलं नाही. नेहमीची वाट सौम्य आहे हे खरं. पण बर्फ जास्त पडला की वाट बदलते, आणि बदललेली वाट कुणी तपासलेली नसते. उत्तरवारा, तुम्ही हे शिकून आलात की इकडच्या लीडर मुलांसाठी ऑनलाइन दोन तास द्याल का? मी जमवाजमव करतो.

उत्तरवारा | ३१ ऑक्टोबर, सकाळी ८:००

नक्की देईन. आधी मला शिकू दे.

कोलोराडोकर | २ नोव्हेंबर, रात्री ८:१५

सामानाचं राहिलं. एअरबॅग, म्हणजे दोर ओढला की फुगून माणसाला बर्फाच्या वर ठेवायला मदत करणारी पाठीवरची पिशवी, घेऊ का असं तुम्ही मला निरोपात विचारलंत, इथेच लिहितो म्हणजे सगळ्यांना उपयोग. २०१४ च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, गंभीर हिमस्खलनात सापडलेल्यांचं मृत्यूचं प्रमाण फुगलेल्या एअरबॅगमुळे २२ टक्क्यांवरून ११ वर आलेलं दिसलं. म्हणजे उपयोग आहे, आणि निम्म्यांना नाही. शिवाय पाचातल्या एकाची पिशवी फुगलीच नाही, बरेचदा दोर ओढलाच गेला नाही म्हणून. पैसे मर्यादित असतील तर आधी चांगला तीन अँटेनांचा बीकन, पावणेतीन-तीन मीटरचा प्रोब, धातूचं फावडं. एअरबॅग नंतर.

डोंगरपोर | ३ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

लिहायला पेन्सिल. शाई गोठते. भिजणार नाही अशी वही, पेन्सिल दोरीने वहीला बांधलेली. पातळ लोकरीचे आतले हातमोजे तीन जोड, लिहिताना तेच. डाऊनचं मोठं जाकीट जे सगळ्यावरून चढेल, कारण खड्ड्यात तासभर उभं राहायचं असतं आणि चढून आलेला घाम तिथेच गार पडतो. आणि उत्तरवारा, बाईला बाई म्हणून सांगते: दिवसभर बाहेर असतो म्हणून पाणी कमी पिऊ नकोस. मी पहिल्या वर्षी ते केलं आणि तिसऱ्या दिवशी डोकं चालेनासं झालं. पाळीची तारीख येत असेल तर सामान वरच्या खिशात, आणि प्रशिक्षकाला मोकळेपणाने सांगून थांबायचं.

दमसासासाठी आठवड्यातून दोनदा पाठीवर पंधरा किलो घेऊन जिने किंवा टेकडी. आणि स्कीवर किक टर्न, म्हणजे चढावर जागच्या जागी एकेक स्की उचलून वळणं, डावीकडून आणि उजवीकडून, कंटाळा येईपर्यंत.

खिंडीतला | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०५

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण ती उत्तरवारांच्या पहिल्या पोस्टमध्येच आहे.

रोज सकाळच्या बैठकीत प्रत्येकाला बोलावं लागतं. आणि गटातल्या एकाने "नको" म्हटलं तरी नको, हा आमच्याकडचा नियम. आपल्याला हे जड जातं. लहानपणापासून मोठ्यांच्या मध्ये बोलू नये असं शिकलोय आपण, आणि ते वाईट शिकलो असं मी म्हणणार नाही. पण डोंगरावर जाणत्याच्या मागे मुकाट चालणं हा हिमस्खलनाच्या अपघातांतला ओळखलेला सापळा आहे. इयन मॅकॅमन या संशोधकाने शेकडो अपघात तपासून असे सहा सापळे दाखवले: ओळखीची जागा, इतरांत मान मिळवायची ओढ, ठरवलंय ते पुरं करायचा हट्ट, जाणत्यावर भिस्त, इतर लोक आसपास असले की वाढणारं धाडस, आणि कोऱ्या बर्फाची हाव.

ब्रिटिश कोलंबियातल्या रॉजर्स पास या खिंडीत गेलात तर दोन तारखा मनात असू द्या. ४ मार्च १९१०. चेऑप्स पर्वतावरून आलेला बर्फ रेल्वेच्या रुळांवरून काढायला कामगार लागले होते, रात्रीची वेळ, आणि समोरच्या डोंगरावरून दुसरं हिमस्खलन आलं. ५८ गेले, निम्म्याहून जास्त जपानहून आलेले मजूर. एक आलं म्हणजे संपलं, असं नसतं. बचावाला धावायच्या आधी वर बघायचं.

दुसरी १ फेब्रुवारी २००३. तुमच्या कॅलगरीच्याच भागातल्या शाळेची सतरा जणांची सहल, कॉनॉट क्रीकच्या दरीत. दहावीची सात मुलं गेली. त्यानंतर इथे प्रत्येक वाटेला सोपी, आव्हानाची, गुंतागुंतीची अशी प्रतवारी द्यायला सुरुवात झाली. आज तुम्ही नकाशावर जे रंग बघता, ते त्या मुलांमुळे आहेत.

म्हणून घरी सराव करा. रोज साडेतीनला स्वतःचं बुलेटिन लिहिलं की ते नवऱ्याला मोठ्याने सांगा. "मला असं वाटतं, कारण." "कारण"नंतरचं वाक्य रोज बोलून बघा.

उत्तरवारा | ३० नोव्हेंबर, रात्री ९:००

अहवाल: नोंदी ३४ दिवस सलग. खड्डे ४. बीकन दोन, सर्वांत चांगली वेळ पाच मिनिटं वीस सेकंद. किक टर्न उजवीकडून अजून अडखळते. नवरा म्हणतो आता त्यालाही सरफेस होअर कळायला लागलंय.

उत्तरवारा | २३ जानेवारी, रात्री ८:४०

परत आले. कोर्स पास झाले. तुम्हा सगळ्यांना आधी इथेच सांगायचं होतं.

सकाळी सहाला हवामानाची नोंद, मग बैठक, मग डोंगर, संध्याकाळी परत बैठक, रात्री वही. दमसास पुरला, जिन्यांचे उपकार. बीकनच्या परीक्षेत हात अजिबात थरथरले नाहीत. वाऱ्याच्या नोंदीत मात्र मी दोन दिवस चुकत होते. दरीत उभी राहून दरीतला वारा लिहीत होते, वर कड्यावरून बर्फाचा पिसारा उडत होता तो डोळ्यांसमोर असून लिहिला नाही. बर्फ वरचाच वारा वाहून आणतो. प्रशिक्षिकेने लाल पेन्सिलने तिथे फक्त "वर बघ" असं लिहिलं. खिंडीतला, तुमचेच शब्द, वेगळ्या अर्थाने.

चौथ्या दिवशी आमच्या खड्ड्यात ५५ सेंटीमीटरवर बोटाखालचा बर्फ अचानक गेला. भिंगातून पाहिलं तर पिसं, उभी, एकेक वेगळी दिसत होती, जशी कुणी हाताने खोचून ठेवावीत. एक्स्टेंडेड कॉलम टेस्टला, म्हणजे तशाच पण जास्त रुंद खांबाच्या चाचणीला, तेराव्या टपलीला तडा टोकापासून टोकापर्यंत गेला. आमची ठरलेली वाट तशाच दिशेच्या, पस्तीस अंशांच्या उतारावरून खाली जात होती. गटात मी सगळ्यात नवखी. प्रशिक्षिकेने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "मला झाडांच्या धारेवरून उतरावंसं वाटतं, कारण," आणि पुढचं सांगितलं. एक जण सहमत नव्हता, त्याने त्याची कारणं सांगितली, ती चुकीचीही नव्हती. आम्ही धारेवरून उतरलो. बर्फ तिथे खराब होता, दोनदा पडले.

सह्यकडा, फेब्रुवारीतला दुसरा किंवा तिसरा रविवार, भारतातली संध्याकाळ. चालेल का? मुलांना सांगा, वही आणि पेन्सिल घेऊन बसा. पहिला अर्धा तास फक्त बुलेटिन वाचू.

सह्यकडा | २४ जानेवारी, सकाळी ७:१५

तिसरा रविवार पक्का. आत्तापर्यंत अकरा जणांची नावं आली आहेत, त्यांत चौघी मुली. एकीने विचारलंय, बीकन भाड्याने कुठे मिळतो.

डोंगरपोर | २४ जानेवारी, सकाळी ८:०५

माझा जुना चालू आहे, तीन अँटेनांचा. मार्चमध्ये पुण्याला येतेय, घेऊन येते.